चाकांची सफ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. शेजारच्या घरातल्या सुनेचे दिवस भरले होते आणि तिचा नवरा कतारला. सासू ओढणी सावरत आमच्या दारात आली आणि एवढंच म्हणाली, "आपा, गाडी काढाल का?"

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन बाहेर गेली होती. आम्ही गाडी काढली. संगमेश्वरहून रत्नागिरी म्हणजे चाळीसेक किलोमीटर. पाऊस असा की वायपर थकून जावेत. बावनदी ओलांडली, निवळीचा घाट चढलो, हातखंब्याला वळलो. मागच्या सीटवर पोरगी सासूच्या मांडीवर डोकं ठेवून दुआ पुटपुटत होती आणि मध्येच कळ आली की ओठ आवळून घेत होती. पहाटे तिला मुलगी झाली. अलहम्दुलिल्लाह, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर पुढच्या डाव्या चाकातली हवा कमी वाटली. पंक्चरवाल्याकडे गेलो. त्या मुलाने चाक काढलं, आडवं पाडलं आणि गाडीकडची बाजू आमच्यासमोर धरली. "हे बघितलंत का कधी?"

बाहेरून तो टायर चांगला होता. खाचा खोल, कडा धारदार. पण आतली दोन बोटं रुंदीची पट्टी पार गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबर संपून तारा दिसत होत्या. आदल्या रात्री घाटात, त्या पावसात, दोन जिवांच्या बाईला घेऊन आम्ही याच टायरवर गेलो होतो. आम्ही तिथल्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

खरं दुखणं पुढे आहे. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही 'कंप्युटर अलाइनमेंट' करून घेतली होती. पैसे दिले होते, छापील कागद घेतला होता, आणि त्यावर सगळे चौकोन हिरवे होते. मग चाकं वाकडी कशी?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकलो, ते या महिन्यात आपल्यासमोर ठेवतो. आमच्या भागातली किती घरं अशी आहेत की गाडी दारात असते आणि ती घेणारा माणूस आखातात. मुलांची शाळा, अम्मी-अब्बांचा दवाखाना, लग्न, मय्यत, सगळीकडे बायकाच गाडी नेतात. गाडी चालवायला आपण शिकलो, पण तिच्या चाकांकडे बघायला कुणी शिकवलं नाही. गॅरेजवर गेलं की मिस्त्री बोलतो तो शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या भाच्याशी. आम्ही फक्त पैसे मोजायचे.

अलाइनमेंट म्हणजे काय

मशिदीत जमात उभी राहताना इमामसाहेब सफ सरळ करायला सांगतात. एक माणूस पुढे, एक मागे असेल तर सगळ्यांना धक्का लागतो. गाडीच्या चार चाकांचीही अशीच सफ असते. चारही चाकं गाडी जाते त्याच दिशेला तोंड करून, ठरलेल्या कोनात उभी असावीत. ती तशी आहेत का हे मोजणं आणि नसतील तर बसवणं म्हणजे व्हील अलाइनमेंट.

मोजायचे कोन मुख्यतः तीन. पहिला 'टो'. इंग्रजीत पायाच्या बोटाला म्हणतात तोच हा टो. काही माणसं चालताना पावलं आत वळवतात, काही बाहेर फाकवतात. पुढची दोन चाकं वरून बघितली आणि त्यांची पुढची टोकं एकमेकांकडे झुकली असतील तर टो-इन, फाकली असतील तर टो-आउट. दुसरा 'कॅम्बर'. गाडीसमोर उभं राहून बघितलं तर चाक ओळंब्यात उभं आहे की वरचं टोक आत किंवा बाहेर कललं आहे, तो कल. तिसरा 'कास्टर'. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस बाजूने बघितला तर थोडा मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून तिरपा असतो, तसंच हे. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः या कास्टरमुळे.

आपल्या दारात असतात त्या बहुतेक छोट्या गाड्यांत मिस्त्रीला फिरवून बसवता येतो तो फक्त पुढच्या चाकांचा टो. कॅम्बर आणि कास्टर कारखान्यातच ठरलेले असतात. ते बिघडले असतील तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय असं समजावं आणि तो भाग बदलावा. म्हणून कुणी "चारही चाकांचा कॅम्बर करून देतो" म्हणून जादा पैसे मागत असेल, तर कुठला नट फिरवणार तो आधी दाखव म्हणावं.

थोडासा वाकडेपणा किती महाग पडतो

आमच्या गाडीची पुढची चाकं प्रत्येकी ३ मिलिमीटर बाहेर फाकलेली निघाली. ३ मिलिमीटर म्हणजे दोन जुन्या नाण्यांच्या जाडीइतकं अंतर. त्याचं काय एवढं, असं आम्हालाही वाटलं. शाळेत गणिताच्या सरांना विचारलं तर त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं.

रिमची काठ ते काठ रुंदी साधारण ३५० मिलिमीटर. तेवढ्या अंतरात चाक ३ मिलिमीटर तिरपं आहे. गाडी तर सरळ जातेय, म्हणजे प्रत्येक ३५० मिलिमीटर पुढे जाताना चाकाला ३ मिलिमीटर आडवं घासावं लागतं. हाच हिशेब १ किलोमीटरला लावला तर साडेआठ मीटर. संगमेश्वर ते रत्नागिरी ४० किलोमीटर धरले तर जवळजवळ ३४० मीटर. मुंबईला ३०० किलोमीटर गेलो तर अडीच किलोमीटर. एखाद्याने टायर हातात धरून डांबरावर अडीच किलोमीटर आडवा ओढत नेला असता तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. आम्ही ते पेट्रोल जाळून करत होतो.

चाकं फाकलेली असतात तेव्हा टायरची आतली कड आधी जाते, आणि आतली कड उभ्याने दिसत नाही. एवढ्या साध्या कारणाने आमची फसगत झाली होती.

टायर काय सांगतो

महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावं. पुढचं चाक बाहेर येतं आणि आतली कड दिसते. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक बघावं. वाकता येत नसेल त्यांनी मोबाइल चाकामागे धरून फोटो काढावा. मिस्त्रीच्या मदतीशिवाय दोन मिनिटांत होणारं काम आहे.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी ठेवली जाते आहे. मधला पट्टा झिजला आणि कडा चांगल्या असतील तर हवा जास्त आहे. यांत अलाइनमेंटचा दोष नाही. एकच कड झिजत असेल तर टो किंवा कॅम्बर बिघडलाय. दोन्हींत फरक करायला तळहात टायरवरून आडवा फिरवावा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडला आहे. हात मात्र जपून फिरवावा, तार वर आली असेल तर बोट कापतं.

टायरच्या खाचांत थोड्या थोड्या अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. खाच झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला, मग वरून कितीही काळाभोर दिसो. पावसात पाणी बाहेर टाकण्याचं काम या खाचा करतात. त्या संपल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही. कोकणच्या पावसात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गाडी काय सांगते

इथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

सरळ रस्त्यावर गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग तिरपं धरावं लागतं. हा टोचा दोष आहे, किंवा टो बसवताना स्टेअरिंग मध्यावर ठेवलं नव्हतं.

स्टेअरिंग सैल सोडलं की गाडी एका बाजूला ओढते. आधी दोन्ही बाजूंची हवा सारखी आहे का ते बघावं. मग पुढचे दोन टायर आपसात बदलून बघावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर कॅम्बर, कास्टर किंवा एका चाकाचा ब्रेक धरून राहतोय. लांब चालवून आल्यावर एक रिम दुसरीपेक्षा खूप गरम लागली तर ब्रेककडे बघायला सांगावं.

साधारण ७०-८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. ही अलाइनमेंट नव्हे, बॅलन्सिंग. चाकाच्या एका बाजूला वजन जास्त आहे. त्याला रिमवर छोटी वजनं लावतात. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात म्हणून लोक एकच समजतात, पण एकाने दुसऱ्याचा दोष जात नाही.

थोडी डावीकडे ओढ मात्र आपल्याकडे असतेच. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करतात, आणि आपण चालतो डाव्या बाजूने. भाईजान कतारला उजवीकडून गाडी चालवतात, तिथे तीच ओढ उजवीकडे. म्हणून तपासणी सपाट, मोकळ्या जागेत करावी.

आमच्या गाडीचं स्टेअरिंग कितीतरी दिवस थोडं उजवीकडे वळलेलं असायचं. सुरुवातीला जाणवलं होतं. मग जाणवेनासं झालं. आमच्या हातांनी ते तिरपं धरायची सवय लावून घेतली. वाकडं चालतंय हे विसरायला माणसाला फार दिवस लागत नाहीत, हे आम्ही वर्गात मुलांना सांगतो. स्वतःच्या गाडीत बसल्यावर आठवलं नाही.

हिरवा कागद

पंक्चरवाल्याने आम्हाला देवरूखच्या वाटेवर एका गॅरेजात पाठवलं. गॅरेजवाला आमचा जुना विद्यार्थी निघाला. नववी-दहावीला आमच्याकडे उर्दू आणि मराठी शिकला होता. आम्ही तो हिरवा कागद पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला, गाडीचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, खाली घोडी लावली आणि चाक दोन्ही हातांनी धरलं. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी हात ठेवून आत-बाहेर हलवलं. खट्, खट्. आवाज आम्हालाही ऐकू आला. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. आवाज नाही.

"टीचर, तीन-नऊला हललं की स्टेअरिंगचा जोड ढिला. बारा-सहाला हललं असतं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. तुमचा टाय रॉड एंड गेलाय."

टाय रॉड म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा. त्याच्या टोकाला वाटीत गोळी बसवावी तसा जोड असतो, तो टाय रॉड एंड. चाक वळतं ते या जोडामुळे. त्यावरचं रबर फाटलं की आत पाणी आणि माती जाते, ग्रीस संपतं आणि गोळी वाटीत खुळखुळायला लागते. महामार्गाचं रुंदीकरण सुरू असताना वळणरस्त्यांवरून आपण किती वेळा गेलो, समोरून ट्रक आला म्हणून डावं चाक डांबराच्या कडेवरून किती वेळा खाली उतरवलं, त्याचा हिशेब या जोडाने ठेवलेला असतो. तो पूर्ण निखळला तर स्टेअरिंग एकीकडे आणि चाक भलतीकडे. हे सगळ्यात शेवटी त्याने सांगितलं, आणि आवाज खाली आणून सांगितलं.

"मग अलाइनमेंटच्या मशीनला हे दिसलं नाही?"

"मशीन कोन मोजतं, टीचर. जोड ढिला आहे की नाही ते माणसाने हात लावून बघायचं असतं. गाडी उभी असताना गोळी वाटीच्या एका बाजूला टेकलेली, तेव्हा कोन बरोबर आला. रस्त्यावर ब्रेक लागला, खड्ड्यात आदळली, की चाक आपल्या मर्जीने आत-बाहेर." मग तो हसला. "तुम्हीच सांगायचात ना, समास आखताना पट्टी हलली तर रेघ सरळ येणार नाही. आधी पट्टी घट्ट धरा."

वीस वर्षांत हजार वेळा तरी बोललेलं वाक्य. ते असं परत मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्याने त्या दिवशी अलाइनमेंट करायला साफ नकार दिला. जोड बदलल्याशिवाय पैसे घेणार नाही म्हणाला. आम्ही मात्र तिथेही घासाघीस केली, हे कबूल केलं पाहिजे. कंपनीचा जोड आणि साधा जोड यांच्या किमतीत दोनशे-अडीचशे रुपयांचा फरक होता, आणि आमच्या तोंडून निघालंच, "साधा चालणार नाही का?" त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काल रात्री कुणाला घेऊन गेला होतात म्हणालात?" आम्ही गप्प पैसे काढले.

दोरीने मोजलेली सफ

जोड बदलल्यावर त्याने टो कसा बसवला ते आम्ही उभं राहून बघितलं. त्याच्याकडे मोठं मशीन नाही. गवंडी वापरतो तशी लाइनदोरी, लोखंडी पट्टी आणि सपाट काँक्रीटची फरशी, एवढंच.

आधी चारही चाकांत सारखी नेमाने हवा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. डिकीतलं तांदळाचं पोतं बाहेर काढायला लावलं, कारण वजनाने गाडी दबते आणि कोन बदलतो. स्टेअरिंग बरोबर मध्यावर आणून बांधलं. मग गाडी हाताने दोन-तीन हात पुढे ढकलली, म्हणजे चाकं आपल्या जागी मोकळी बसतात.

नंतर गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, पुढून मागेपर्यंत दोरी ताणली. दोरी चाकाला टेकवायची नाही, थोडी लांब ठेवायची. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे सारखं हवं. डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापासून दोरी जितकी लांब, तितकीच उजव्या मागच्या चाकापासून. पुढेही तसंच.

इथे आम्ही विचारलं, पुढची चाकं बसवायची तर मागच्या चाकांपासून कशाला मोजतोस? तो म्हणाला, "सफ सरळ करताना टाचा बघतात ना टीचर, बोटं नाही." बरोबर होतं. कुणाचं पाऊल लांब, कुणाचं आखूड. बोटं जुळवली तर सफ वाकडीच होते, टाचा जुळवाव्या लागतात. गाडीची टाच म्हणजे मागची चाकं. गाडी कुठे जाणार हे ती ठरवतात. पुढची दोन चाकं फक्त एकमेकांशी जुळवली तर टो बरोबर येईल, पण स्टेअरिंग तिरपंच राहील.

मग पुढच्या प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची कड दोरीपासून किती लांब आणि मागची कड किती लांब, ते मोजलं. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर चाक आत वळलंय, टो-इन. मागची कड जास्त लांब असेल तर टो-आउट. छोट्या गाड्यांत हा फरक बहुधा शून्याच्या आसपास, मिलिमीटर-दोन मिलिमीटर असतो. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा, आणि तोच पाळायचा.

शेवटी टाय रॉडवरचा लॉकनट ढिला केला, दांडा पाव फेरा फिरवला, दुसऱ्या बाजूलाही तेवढाच, गाडी पुन्हा मागे नेऊन पुढे ढकलली आणि पुन्हा मोजलं. असं पाच वेळा. मग लॉकनट आवळले आणि स्वतः चालवून आणली. सोनवीच्या पुलापर्यंत जाऊन आला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं, पण तरीही म्हणाला, "रत्नागिरीला मशीनवर एकदा बघून घ्या. माझी दोरी चुकली असेल तर मला कळवा."

आम्ही गेलो. फरक एका मिलिमीटरच्या आत निघाला. फोन करून कळवलं तेव्हा तो पलीकडून "अलहम्दुलिल्लाह" म्हणाला आणि लगेच विचारलं, "स्टेअरिंग सरळ आहे ना?"

दोरीने मोजून बघणं घरच्या खळ्यात कुणालाही जमेल. पण नट फिरवण्याचं काम जाणत्याकडेच द्यावं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटासाठीही, शिरू नये.

गॅरेजवर काय विचारावं

मशीन वाईट नाही. नीट वापरलं तर ते दोरीपेक्षा बारीक मोजतं. फक्त चार गोष्टी आपण समोर उभं राहून बघाव्यात.

एक, मोजण्याआधी चाक उचलून तीन-नऊ आणि बारा-सहाला हलवून दाखव म्हणावं. दोन, हवा तपासली का ते विचारावं. तीन, पडद्यावर आपल्याच गाडीचं मॉडेल निवडलंय का ते बघावं, कारण हिरवा चौकोन त्या मॉडेलच्या मापांवरून ठरतो. चार, छापील कागदावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही रकाने भरलेले हवेत. आमच्या जुन्या कागदावर 'आधी'चा रकाना कोरा होता. तेव्हा आम्ही बघितलाच नव्हता. तो खोटेपणा होता की निष्काळजीपणा, हे आम्हाला ठरवता येणार नाही. पण आम्ही उत्तरपत्रिका न बघता फक्त शेवटचे गुण वाचले, एवढं आमच्याकडून झालं.

साधारण दर दहा हजार किलोमीटरला, मोठ्या खड्ड्यात जोरात आदळल्यावर, आणि स्टेअरिंगचा किंवा सस्पेन्शनचा कुठलाही भाग बदलल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी. नवे टायर टाकताना तर नक्की, नाहीतर नव्याचंही तेच होणार.

मापात कमी देणाऱ्यांच्या नावाची एक सूरह कुरआनात आहे, अल-मुतफ्फिफीन. लहानपणी आम्हाला वाटायचं ती फक्त वाण्यासाठी आणि दूधवाल्यासाठी आहे. आता वाटतं, जिथे जिथे माप आहे तिथे ती लागू आहे. मिलिमीटरही मापच आहे. मुलांच्या वह्या न वाचता लाल खूण करणाऱ्या शिक्षकालाही ती लागू आहे.

आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. नवे टायर टाकले तेव्हा दुकानात कुणीतरी जुन्या डाव्या टायरचे तीनशे रुपये देऊ केले. बाहेरून चांगला दिसतो, विकला जाईल म्हणाला. खरंच चांगला दिसत होता. तीनशे रुपये कुणाला नको असतात? पण तो कुणाच्या तरी गाडीला लागला असता, आणि त्या गाडीत कुणीतरी रात्रीच्या वेळी दवाखान्यात निघालं असतं. ऐब लपवून माल विकणं आपल्या दीनात जायज नाही, आणि दुसऱ्याच्या हातून विकला म्हणून तो हलाल होत नाही. आम्ही तिथेच करवत मागून घेतली. तारांमुळे कापायला वेळ लागला, पण आडवा कापूनच घरी आणला. आता परसात त्यात पुदिना लावला आहे.

शेजारची मुलगी आता बसायला लागली आहे. तिची आई परवा विचारत होती, आपा, मलाही गाडी शिकवाल का? आम्ही म्हटलं, शिकवू, इन्शाअल्लाह. पहिल्या दिवशी मात्र चावी मिळणार नाही. पहिल्या दिवशी स्टेअरिंग पूर्ण वळवायचं, खाली उतरायचं, आणि टायरची आतली कड बघायची.